वाटेतलं घर

“ही कसली रांगोळी काढलीस?” आई म्हणाली. तिच्या हातात पोह्यांची ताटली होती आणि ती ठेवायला सोप्यात वीतभर जागा उरली नव्हती.

“रांगोळी नाही गं. रस्ता आहे.”

“कुणाचा?”

“अण्णांचा. रविवारचा.”

मी चार ड्रॉइंग पेपर एकमेकांना चिकटवून जमिनीवर पसरले होते. त्यांवर तिसेक ठिपके होते आणि त्या सगळ्या ठिपक्यांतून जाणारी एक निळी रेघ. ती आमच्या घरापासून निघायची, सगळीकडे फिरायची आणि परत आमच्या घरी यायची. आणि कुठंही स्वतःलाच आडवी जायची नाही. हे शेवटचं मी आईला दोनदा दाखवलं, कारण सगळी करामत त्यातच होती.

“बरं,” आई म्हणाली आणि ताटली सरळ कागदावर ठेवली. दोन गावं पोह्यांखाली गेली.

माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं, लग्न ठरलं तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्यात एका कॉलेजात ऑपरेशन्स रिसर्च शिकवत होते. अण्णांना गावात कुणी विचारलं की ते “पोरगी गणितं करती” एवढंच सांगायचे. विषय तसा सोपा आहे. एक गाडी आहे, पुष्कळ ठिकाणं आहेत, सगळीकडे जायचंय आणि कमीत कमी फिरून घरी यायचंय. विचारायला सोपं, करायला महाकठीण. तीस घरं कुठल्या क्रमानं घ्यायची याचे पर्याय इतके होतात, की दर सेकंदाला एक तपासत बसलं तर सूर्य विझेल पण यादी संपायची नाही. म्हणून आम्ही युक्त्या करतो. आधी कशीतरी एक वाट आखायची. मग रेघेची कुठं फुली पडलेली दिसली की ती सोडवायची, कारण फुली म्हणजे वाया गेलेला फेरा. सोडवत सोडवत गेलं की वाट आखूड होत जाते. जगभर टपाल, दूध, पाव असेच पोचवतात. मग नंदाच्या लग्नाच्या पत्रिकांनी काय घोडं मारलं होतं?

पत्रिका पोस्टानं पाठवायची सोय नव्हती. आमच्याकडे पत्रिका पोस्टानं आली की माणूस लग्नाला येत नाही, आणि वर चार ठिकाणी सांगत फिरतो, “मला नुसता कागद आला.” घरी जायचं, अक्षता द्यायच्या, कुंकू लावायचं, बसायचं, चहा घ्यायचा. मुलाकडच्यांना जवळचाच मुहूर्त हवा होता, पुढचा थेट दिवाळीनंतर होता. आणि जीप मिळाली होती एका दिवसाची. ती शेजारच्या पोल्ट्रीवाल्यांची. रविवारी त्यांची पिल्लं पोचवायची नसायची. पिवळीधमक जीप, आणि तिच्या दोन्ही अंगांना लाल तुऱ्याचा एकेक कोंबडा रंगवलेला, चांगला पुरुषभर उंच.

अण्णा आले आणि कागदाभोवती एक चक्कर मारली. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या काळापासून आमच्याकडे पत्रिका मानानं वाटतात. आधी सगळ्यात थोरला, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. थोरला राहतो एका खोऱ्यात, त्याच्या खालचा दुसऱ्या खोऱ्यात, तिसरा परत पहिल्या खोऱ्यात. आठवडा जायचा त्यात.

“ह्यात मानपान हाय का?” अण्णांनी विचारलं.

“आहे की. प्रत्येक गावात थोरल्या घरी आधी, धाकट्याकडे नंतर. चहाला वेळ धरलाय. दुपारी जेवायला मामांकडे. सगळं बसवलंय.”

“आणि आक्का?”

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, आमची आत्ती. अण्णांची आई ते रांगत असताना गेली, तेव्हा आत्ती स्वतः एवढीशी परकरी पोर होती. तिनं अण्णांना कडेवर घेऊन वाढवलं. तरी तिनं सात वर्षांत आमच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि त्याला कारण मी होते. मी पुण्यात रजिस्टर लग्न केलं, दोन साक्षीदार आणि एक पेढ्यांचा पुडा. आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्यानं लावायची असते. आत्तीला हळदही नाही आणि बोलावणंही नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ज्या लग्नात हळदच नव्हती तिथं पहिली कुठली आणि शेवटची कुठली? हे मी एकदा तिला बोलूनही दाखवलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती आणि अण्णांशी तुटक बोलत होती.

“आत्तीकडे शेवटी जायचं,” मी म्हटलं. “मधेच घातलं तर सारखं घड्याळाकडे बघावं लागेल. सगळं उरकून, निवांत जाऊ. रुसली असेल तर समजूत घालायला वेळ तर पाहिजे.”

मला वाटलं होतं अण्णा नाही म्हणतील. पण ते आत्तीला घाबरायचे. शेवटी म्हटल्यावर त्यांचा चेहराच सैल झाला.

“व्हय, ते बरं,” ते म्हणाले. “सगळं उरकून निवांत.” मग थोडं थांबून म्हणाले, “वैजू, ह्या लग्नाला आक्का आली पायजे. बाकीचं कोण आलं न आलं, मला काय न्हाई. नंदीला हळद तिनं लावली पायजे.”

“येईल,” मी म्हटलं. गणित सुटलेलं असलं की माणूस असा भरवसा देतो.

रविवारी उजाडताच निघालो. मी, अण्णा, आणि जीप चालवायला माझा चुलतभाऊ सर्जेराव. सर्जेरावाचा स्वभाव असा, की जो शेवटचं ओरडेल त्याचं तो ऐकतो. ह्या घरापासून त्या घरापर्यंत किती किलोमीटर, हे सगळं मी त्यालाच विचारून घेतलं होतं. अंतरं त्यानं अगदी चोख सांगितली. कुठल्या वाटेनं, ते मी विचारलं नाही. गणिताला ते लागत नाही.

आमच्या गावाहून डांबरी रस्ता वर चढतो तो बोरफाट्यापर्यंत. तिथं त्याचे तीन फाटे होतात आणि ते तीन खोऱ्यांत जातात. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला मधे डोंगर, त्यामुळे परत फाट्यावर यावंच लागतं. आणि फाट्यावर, रस्त्याला अंगण टेकवून, आत्तीचं घर आहे.

हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. लहानपणी मी त्या अंगणात शेणात पडले आहे. पण कागदावर ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ रेघ असते, आणि ती कुणाच्या अंगणावरून गेली ते रेघेवर लिहिलेलं नसतं.

आत्ती अंगणात सडा घालत होती. जीपचा आवाज ऐकून ती बादली घेऊन ताठ उभी राहिली.

“सर्जा, हळू घे,” अण्णा म्हणाले.

“थांबायचं नाही,” मी म्हटलं. “पहिल्याच घरी बसलो तर दुपारपर्यंत उठणार नाही आपण. शेवटी निवांत यायचं ठरलंय ना?”

“मग तिला दिसाय नको,” अण्णा म्हणाले आणि सीटखाली गेले. “खाली वाक.”

मीही वाकले. एक क्षण गेला आणि जीप डावीकडे ओढली जाऊ लागली. मान वर करून पाहिलं, तर सर्जेरावही स्टिअरिंगखाली.

“तू नको रे वाकू, तू गाडी चालव,” अण्णा खालून ओरडले.

जीप सरळ झाली आणि आम्ही पहिल्या खोऱ्यात शिरलो. तिथं सगळं कसं कागदाबरहुकूम चाललं. घरं पटापट होत होती. एका ठिकाणी चहाऐवजी थालीपीठ आलं आणि माझी वेळ चुकली, पण पुढच्या घरी कुलूप होतं, ते शेजारी पत्रिका ठेवून भरून निघालं. अण्णासुद्धा खुश झाले. “आबांच्या काळात ह्या खोऱ्याला दोन दिस लागायचं,” ते सर्जेरावाला म्हणाले. पाहुण्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. “आमच्या वैजूनं कॉम्प्युटरवर काढलंय,” म्हणाले. मला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगू?

पहिलं खोरं संपवून आम्ही खाली आलो तेव्हा ऊन चढलं होतं. फाटा दिसायला लागला आणि अण्णा खांद्यावरचा टॉवेल सारखा करायला लागले. आत्ती बाजेवर मिरच्या वाळत घालत होती. कोंबडा लांबूनच दिसला असणार, कारण आम्ही जवळ जाईपर्यंत ती उठून, पदर नीट करून, रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती.

“आता थांबूया की गं,” अण्णा म्हणाले.

“आता थांबलो तर ती म्हणणार, सकाळी का नाही थांबलात? उत्तर काय द्यायचं? त्यापेक्षा शेवटी एकदाच काय ते ऐकून घेऊ.”

हे त्यांना पटलं. मलाही पटलं होतं. तुम्हीही त्या जीपमध्ये असता तर तुम्हालाही पटलं असतं. आम्ही पुन्हा खाली वाकलो. कोंबडा मात्र कुठं वाकणार? तो दोन्ही बाजूंनी छाती काढून आत्तीच्या दारावरून गेला.

दुसऱ्या खोऱ्यात मामांकडे जेवलो. अण्णांनी नेहमीसारखं जेवण केलं नाही. मामींनी “भाऊजी, पुरणपोळी गोड न्हाई का झाली?” असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पोळी गोड हाय. मीच कडू झालोय.” मग जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाले, “ती आपल्याला बघती गं.”

तिसऱ्या वेळी आलो तर आत्तीनं रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकली होती. शेजारी आत्तोबा, पलीकडे दोन शेजारणी. रस्त्यावरून जाणारी मिरवणूक बघायला बसावं तशी चौघं बसली होती. अण्णांनी आता वाकायचंही सोडलं. टॉवेल डोक्यावरून तोंडावर घेतला आणि तसेच बसून राहिले. मी मान वळवून पलीकडचा डोंगर बघितला. त्यात अगदी आत्तीच्या दारापुढं एक खरी कोंबडी जीपला आडवी आली, आणि सर्जेरावानं सवयीनं लांबलचक हॉर्न दिला.

शेजारणी हसल्या. आत्ती हसली नाही.

शेवटच्या खोऱ्यातून आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, एक सोडून. वेळ कागदावर होती त्याहूनही थोडी लवकरची. मला तेवढ्यातही बरं वाटलं, हे सांगायला हवं.

आत्ती सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. उठली नाही.

“आला व्हय कोंबडा घरला,” ती म्हणाली.

“आक्का,” अण्णा म्हणाले आणि पाया पडले. मीही पडले. सर्जेराव दारातूनच पडला.

“सकाळच्या पारी गेला, दुपारी गेला, मघाशी गेला. मी ह्यास्नी म्हटलं, पोल्ट्रीवाल्याचं काय हरवलंय का काय. मग टॉवेल दिसला. टॉवेल माझ्या वळखीचा. गेल्या भाऊबीजेला मीच धाडला हुता.”

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीखाली घेतला.

“बस. पाणी घे,” आत्ती म्हणाली. “च्या न्हाई. पयल्या बारीला आधण ठिवलं. म्हटलं, बाळा आला. दुसऱ्या बारीला परत ठिवलं. तिसऱ्या बारीला म्हटलं, आता तरी. तवा दूध नासलं.”

पण मला गप्प बसता येत नाही. मी पर्समधून नकाशाची घडी काढली आणि तिच्यापुढं उलगडली.

“आत्ती, अण्णांचा दोष नाही. हा रस्ता मी आखला. तुझ्याकडे शेवटी यायचं ठरलं होतं, घाई नको म्हणून. हे बघ, हा आपला गाव. ही सगळी घरं. आणि ही तू.”

आत्तीनं चष्मा लावला आणि वाकून बघितलं.

“ही मी व्हय? बारकी दिसती की.”

“सगळी घरं सारखीच काढतात.”

“सारखीच,” ती म्हणाली. मला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून मी कोनाड्यातला खडू घेतला आणि फरशीवर खरा रस्ता काढून दाखवायला लागले. आमचा गाव. वर चढणारा रस्ता. फाटा. डावं खोरं, आणि परत फाटा. मधलं खोरं, आणि परत फाटा. खडू प्रत्येक वेळी आत्तीच्या ठिपक्यावरून जात होता. तिसऱ्या वेळी ठिपका पुसून गेला, आणि मी खडू खाली ठेवला.

“काढ की,” आत्ती म्हणाली. “थांबलीस का?”

“झालं काढून.”

“तुझ्या लग्नाला मला बलवलं न्हाईस. त्याचं मला काय वाटायचं ते वाटलं. पर तवा एक हुतं वैजे. तवा निदान तुम्ही माझ्या दारावरनं तरी गेला न्हवता.”

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला एवढी लाज वाटली की मी उगाच खडूचे हात पुसत बसले. तरी तोंडातून गेलंच, “अंतर मात्र कमीत कमी होतं, आत्ती.”

“वैजू,” अण्णा म्हणाले. मग मी नकाशाची घडी घातली.

आत्तोबा एवढा वेळ कोपऱ्यात सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “किती वाचलं म्हणायचं डिझेल?” आत्तीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते परत कातरायला लागले.

अण्णांनी पत्रिका पुढं केली, साडी ठेवली. “आक्का, नंदीची हळद तुझ्याबिगर हुणार न्हाई. जीप धाडतो तुला न्याला.”

तिनं पत्रिका घेतली, उलटीसुलटी केली आणि देव्हाऱ्यात ठेवली. साडीला हात लावला नाही. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

“बघू,” म्हणाली.

घरी जाताना अण्णा एकदाच बोलले. “आक्का बघू म्हणली की काय खरं नसतंय.”

पुढचे दिवस लग्नघाईत गेले. अण्णांनी परत एकदा एकट्यानं फाट्यावर जायचं काढलं, तर आई म्हणाली, “आणि पुन्हा जाताना तिच्या दारावरनंच जावं लागंल. बसा गप.” मी पुण्याला जाऊन आले, वर्ग घेतले, फळ्यावर ठिपके काढले. त्यातला एक ठिपका मी जरा मोठा काढायचे, पण मुलांना ते कळण्याचं काही कारण नव्हतं.

लग्न गोरजमुहूर्तावर होतं, हळद सकाळी आमच्या अंगणात. मांडव रस्त्याला लागूनच घातला होता. नंदा पाटावर बसली. हळदीचं ताट भरून तयार होतं. सर्जेराव कोंबड्याची जीप घेऊन फाट्याला गेला होता आणि अजून आला नव्हता.

बायका कुजबुजायला लागल्या. “आत्या कुठाय?” “ती न्हाई येत ह्यांच्यात.” आईनं जरा वेळ वाट बघितली, मग अण्णांना हळूच म्हणाली, “थोरल्या जाऊबाईंना लावू दे का हळद? भटजी घाई करायला लागलेत.”

“थांबा,” अण्णा म्हणाले. ते मांडवाच्या दारात उभे होते, नवं धोतर, कोरा फेटा, हातात आत्तीला ओवाळायचं ताट. हे काम बायकांचं, पण ताट ते कुणाला देईनात.

आणि वरच्या वळणावर कोंबडा दिसला.

“आली,” अण्णा म्हणाले. वाजंत्रीवाल्यांनी लगेच सनई धरली. जीप उतरत आली. पुढच्या सीटवर आत्ती होती, डोक्यावरून पदर, अंगावर अण्णांनी दिलेली साडी. ती सरळ समोर बघत होती. अण्णा ताट घेऊन पुढं झाले, आणि जीप त्यांच्या पुढ्यातून सरळ निघून गेली, खाली, तालुक्याच्या रस्त्याला.

सनई थांबली.

“ब्रेक गेलं काय?” कुणीतरी म्हणालं. अण्णा ताटासकट रस्त्यावर धावले. “आक्का, आगं आक्का,” करत चांगले पुलापर्यंत गेले. फेटा सुटला. परत आले तेव्हा घामाघूम झाले होते.

आम्ही सगळे तसेच उभे. एवढ्यात खालून हॉर्न ऐकू आला. जीप परत येत होती. सनई पुन्हा सुरू झाली. अण्णांनी फेटा कसातरी डोक्यावर बसवला, दिवा पुन्हा लावून घेतला. जीप आली, आत्ती तशीच सरळ बघत, मागच्या सीटवर आत्तोबा मांडीवर फळांची करंडी घेऊन देवासारखे निश्चल. सर्जेरावानं आमच्याकडे बघून स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून नमस्कार केला, आणि जीप फाट्याकडे निघून गेली.

अण्णा पुन्हा धावले, या वेळी चढावर.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला हसू आलं. मी त्यांना गाठलं आणि दंड धरला.

“अण्णा, पळू नका. अजून एकदा जाणार आहे ती.”

“म्हंजी?”

“तीनदा जाणार. चौथ्यांदा थांबेल.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना उमगलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतात, पण ते हसत होते. रडतही होते, दोन्ही एकदम.

“मग तर पळायलाच पायजे,” ते म्हणाले. “तिनं तीनदा आधण ठिवलं हुतं.”

आणि तिसऱ्या वेळी जीप आली तेव्हा ते धावले. आपल्याला ठाऊक आहे की ती थांबणार नाही, आणि तरी साठीचा माणूस ताट घेऊन बहिणीच्या जीपमागं जीव तोडून धावतोय, हे सगळ्या गावानं बघितलं. मागून आत्तोबांनी करंडीतलं एक केळं उंच धरून त्यांना निरोपासारखं हलवलं. वाजंत्रीवाले आता जीप थांबो न थांबो, वाजवतच राहिले.

चौथ्या वेळी जीप मांडवापुढं येऊन उभी राहिली.

आत्ती सावकाश उतरली. अण्णा समोर उभे, फेटा गळ्यात, ताटातला दिवा कधीच विझलेला.

“दमलास व्हय रे बाळा?” आत्ती म्हणाली आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

“आक्का, आधी का न्हाई थांबलीस?” अण्णांनी धापा टाकत विचारलं. हे त्यांनी मुद्दाम विचारलं, असं मला अजून वाटतं.

“वाटंत चार कामं हुती,” आत्ती म्हणाली. “म्हटलं, सगळं उरकून निवांत यावं.”

सर्जेराव जीपला टेकून उभा होता. “ताई, मी त्यास्नी लई सांगितलं,” तो मला म्हणाला. “पर त्या शेवटच्या वरडल्या.”

आईनं आत्तीचे पाय धुतले, ओवाळलं. आत्ती मांडवात आली, हळदीचं ताट हातात घेतलं आणि नंदाच्या पाटाकडे निघाली. बायकांनी वाट करून दिली. मी खांबाजवळ उभी होते, नंदाच्या अलीकडे, जरा आडोशालाच. ती माझ्याशी बोलेल असं मला वाटत नव्हतं आणि माझीही काही तयारी नव्हती.

ती माझ्यापाशी आली आणि थांबली. हळदीत पाची बोटं बुडवली आणि माझ्या दोन्ही गालांना, कपाळाला, मानेला लावली. चांगली रगडून लावली. सात वर्षांची मुरलेली होती ती. माझी सिल्कची साडी पिवळी झाली, चष्मा पिवळा झाला, आणि मला बोलता येईना, जे सहसा होत नाही.

पाटावरून नंदा म्हणाली, “आत्ती, लग्न माझं हाय.”

“तुझ्याकडंच निघालीया,” आत्ती म्हणाली. तिनं माझ्या हनुवटीला एक बोट अजून पुसलं. “पर वाटंतलं घर टाकून कसं जायचं?”

मग ती नंदाकडे गेली.